हातभर खोल

दिवसभर जे दिसणार नाही, त्याच्यासाठी घर बांधायचं होतं.

दिसणाऱ्या जिवांसाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या घरं बांधत आलो आहोत. गाईला गोठा, कोंबडीला खुराडं, कबुतरांना ढाबळ. ती आपल्याला पाहतात, आपण त्यांना पाहतो, आणि या पाहण्यातूनच त्यांच्या घराची लांबी-रुंदी ठरत जाते. पण उजाडायच्या आत जमिनीत उतरणारा, दिवेलागण झाली की मिशा थरथरवत वर येणारा, मुठीत सहज मावणारा आणि तरीही मुठीत क्षणभर न थांबणारा एखादा जीव आपल्या दारी येतो, तेव्हा त्याच्या घराचं माप डोळ्यांनी घेता येत नाही. त्यासाठी डोळे मिटावे लागतात, आणि अंगाभोवती चहूकडून माती असणं म्हणजे काय, हे आपल्याच अंगाला विचारावं लागतं.

ओंबी आली तेव्हा टेकड्यांवरचा पळस विझत आला होता. पुसद हे टेकड्यांनी वेढलेलं गाव. मध्ये घरं, घरांच्या कडेने पूस नदी, आणि जिकडे मान वळवावी तिकडे डोंगराची एक शांत रेघ. मार्च सरता सरता ही रेघ आधी तांबूस होते, मग करडी होते, आणि तिच्यावरून उतरलेला वारा भर दुपारी दारात येऊन उभा राहतो तेव्हा त्याच्या अंगाला वाळल्या गवताचा आणि तापल्या दगडाचा वास असतो. अशा दिवसांत लेकीच्या हट्टापायी शहरातल्या दुकानातून ही सोनेरी हॅमस्टर आमच्या घरी आली. पाठ पिकल्या गव्हाच्या रंगाची, पोट दुधी, डोळे टपोरे आणि इतके काळे की त्यांत खिडकी उमटावी. रंग पाहून लेकीने लगेच नाव ठेवलं. ओंबी.

तिच्यासोबत आला तो तारेचा पिंजरा. गुलाबी तळ, तळाशी दोन बोटं भुसा, एक एवढंसं चाक. रात्री घर निजलं, पंख्याचा आवाजही सवयीने ऐकू येईनासा झाला, की त्या कोपऱ्यातून दुसराच आवाज येई. दातांनी तार घासण्याचा. थांबून थांबून, पण न थकता येणारा. माझी आई रात्री पाणी प्यायला उठली की त्या पिंजऱ्यापाशी थबकायची, कमरेवर हात ठेवून ऐकायची, आणि अंधारातच विचारायची, "काय मांगते वं हे लेकरू?"

आईच्या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते फार दूर कोणीतरी नीट शोधून ठेवलेलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला संशोधकांनी सोनेरी हॅमस्टरांना वेगवेगळ्या जाडीच्या भुशावर ठेवून पाहिलं: कुणाला १० सेंटिमीटर, कुणाला ४०, कुणाला ८०. २००६ साली त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केलं. १० सेंटिमीटरवाल्यांनी तारा जास्त कुरतडल्या, ते चाकावरही जास्त धावले. ज्यांना खोली मिळाली ते खाली उतरले, त्यांनी बिळं कोरली, आणि तारा पुष्कळशा शांत झाल्या. हे वाचलं त्या रात्री तो कुरतडण्याचा आवाज मला वेगळा ऐकू आला. ती पिंजऱ्यातून बाहेर पडायला धडपडत असेल असं मी समजत होतो. पण बाहेर म्हणजे आमचं घर, आमचे पाय, आमचा उजेड. त्यातलं तिला काहीच नको होतं.

तिला खाली जायचं होतं.

खाली जाण्याची ही ओढ कुठून येते, तिच्या मुळाशी गेलं की आपण सीरियात पोहोचतो, अलेप्पोच्या पठारावर, एका गव्हाच्या शेतात. १९३० सालचा एप्रिल. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल ॲडलर नावाचे शास्त्रज्ञ काळाआजाराच्या जातीच्या रोगांचा अभ्यास करत होते आणि प्रयोगशाळेत वंश वाढवील असा प्राणी त्यांना हवा होता. त्यांच्यासाठी इस्रायल अहरोनी हे प्राणिशास्त्रज्ञ त्या शेतात गेले. मजुरांनी उभ्या शेतात खणायला घेतलं, खणत गेले, आणि खोल खाली एका घरट्यात एक आई आणि तिची डोळेही न उघडलेली पिल्लं सापडली. उजेडात आलेल्या त्या आईने त्यांतलं एक पिल्लू स्वतःच मारलं. उरलेली पिल्लं अहरोनी आणि त्यांच्या पत्नीने हाताने वाढवली. पुढे विद्यापीठातल्या पिंजऱ्याचा लाकडी तळ कुरतडून त्यांतली काही निसटली. राहिली ती मोजकी भावंडं. त्या मोजक्या भावंडांच्या पोटी जे वाढलं ते आधी प्रयोगशाळांतून आणि मग घराघरांतून जगभर गेलं, आणि आज कुठल्याही गावात, कुठल्याही मुलाच्या हातात असणारा सोनेरी हॅमस्टर बहुधा त्याच एका बिळाचा वंशज असतो.

हे लेकीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग ओंबीच्या पाठीवर बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे ही खरंच गव्हातली आहे."

खरंच गव्हातली. शंभर वर्षं होत आली, पिढ्यांवर पिढ्या काचेत आणि तारेत जन्मल्या, त्यांतल्या कुणी ते शेत पाहिलं नाही, ओल्या मातीचा तो थर हुंगला नाही, आणि तरी पुसदच्या एका घरात रात्री दोन वाजता तिचे पुढचे पाय प्लास्टिकच्या तळावर खणत राहतात, त्या शेताच्या दिशेने.

मग पेटी करायची ठरली.

आमच्या गल्लीच्या टोकाला सुतार राहतात. यवतमाळच्या जंगलांनी या भागाला सागवान दिलं, आणि सागवानाने इथल्या सुतारांच्या हातांना एक सावकाश चाल दिली. त्यांच्या अंगणात गेलं की रंध्याखालून निघालेल्या सोनेरी सालपटांची रास पायाखाली चुरचुरते आणि तो गोडसर, तेलकट वास नाकात बसतो. वास इतका आपला, इतका घरचा, की वाटावं हीच सालपटं पोतंभर न्यावीत आणि ओंबीखाली अंथरावीत. पण उग्र वासाच्या लाकडाचा भुसा आणि त्याची बारीक धूळ या जिवांच्या श्वासाला सोसत नाही. ज्याचं सारं जग नाकावर चालतं, त्याच्या नाकाशी आपला वास, कितीही लाडका असला तरी, चोवीस तास बांधून ठेवायचा नसतो. म्हणून सुतारकाकांकडून फक्त पेटी घेतली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच. समोर काच, म्हणजे मातीच्या पोटात काय चाललंय ते आम्हाला कडेने दिसेल. वर झाकणाला अर्ध्या इंचाहून बारीक जाळी. तळाला स्वयंपाकघराच्या कामातून उरलेल्या फरश्या बसवल्या. जेरुसलेमचा तो कुरतडलेला लाकडी तळ डोळ्यांसमोर होता, आणि पुसदचा मे महिना दारात होता. फरशी दातांना दाद देत नाही आणि उन्हाळ्यात अंगाला गारवा देते.

काकांनी माप लिहून घेताना दोनदा विचारलं, "एवढ्याशा जिवाले एवढं मोठं?" मग पेटी तयार झाल्यावर स्वतःच तिच्यात हात कोपरापर्यंत बुडवून पाहिला आणि म्हणाले, "हाव. बरोबर हाये. हातभर तर लागतेच."

हातभर. आईला हे माप पटकन कळलं, कारण तिच्या लहानपणीच्या घरात जमिनीखाली एक पेव होतं.

आई पेवाचं सांगायला लागली की तिचा आवाज आपोआप खाली उतरतो. अंगणात एक अरुंद तोंड, माणूस कसाबसा आत शिरेल एवढं, आणि आत उतरलं की पोट रुंद, गोल, शेणामातीने लिंपलेलं, कडब्याच्या आणि भुशाच्या अस्तराचं. खळ्यावरची ज्वारी त्यात ओतायची, वरून भुसा दाबायचा, दगड ठेवायचा, दगडावर माती लिंपायची, आणि मग वर्षाकडे निर्धास्त पाहायचं. चोराला दिसत नसे, पावसाला सापडत नसे. पेव उघडायच्या दिवशी मात्र घाईने कुणी आत उतरायचं नाही. कोंडलेल्या हवेने माणसं दगावलेली सगळ्यांना ठाऊक होती. आधी तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील तेवत राहिला की माणूस उतरायचा. आई सांगते, तो कंदील खाली खाली जाताना ज्वारीचे दाणे आतून पेटल्यासारखे दिसत, आणि तिला वाटे, आपल्या घराच्या खाली आणखी एक घर आहे, त्यात उजेड राहतो.

याच तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. हायब्रीड ज्वारीचे दिवस तेव्हाचे, आणि १९७२चा दुष्काळही तेव्हाचाच. दाणा साठवणं म्हणजे काय, हे या मातीतल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून ओंबी जेव्हा गालांच्या पिशव्या खांद्यापर्यंत भरून, चेहरा दुप्पट करून, लगबगीने बिळाच्या तोंडाशी जाते आणि रिकामी होऊन परत येते, पुन्हा भरते, पुन्हा जाते, तेव्हा आई तिच्याकडे जितक्या आदराने पाहते तितक्या आदराने मी तिला देवळातही हात जोडताना पाहिलेलं नाही. "दुष्काळ पाह्यलेला जीव हाये," ती म्हणते.

पेवाने आणखी एक शिकवलं. खोली हवी, पण कोंडलेली नको. म्हणून वरची जाळी सबंध मोकळी ठेवली, काच अर्ध्यावर थांबवली, आणि पेटी घराच्या मधल्या खोलीत ठेवली. आमचं मूळ घर धाब्याचं. पुढच्या खोल्या पाडून स्लॅब झाला, पण ही मधली खोली अजून जुनी आहे. हातभर रुंद मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर फोका आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेर पारा ४२च्या पुढे जातो, डांबर मऊ होतं, रस्ता ओस पडतो, कुत्री नालीच्या ओल्या काठाशी पोट टेकून पडतात, आणि या खोलीत मात्र दुपार आंधळ्या माणसासारखी भिंत चाचपत हळूहळू आत येते. हॅमस्टरला तिशीच्या पुढची उष्णता झेपत नाही. विशी-बाविशीत त्याचा जीव रमतो. तेवढा गारवा पुसदच्या उन्हाळ्यात कुठून आणायचा? कूलरचा झोत अंगावर नको, ओलही नको. मग माठ पेटीशेजारी आला. पाण्याची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून काचेला बाहेरून टेकली. आणि बाकीचं सगळं त्या मातीच्या भिंतींवर सोपवलं.

तेव्हा लक्षात आलं की उन्हाला उत्तर देताना सगळे जीव एकच वाक्य बोलतात. धाब्यावर पांढरी माती पसरणारा माणूस, पेव खणणारा माणूस, बांधाच्या पोटात शिरणारी घूस, अलेप्पोच्या गव्हाखालची ती आई. मातीखाली जा, असं ते वाक्य आहे. सीरियातली बिळं संशोधकांनी मोजली तेव्हा ती ३६ सेंटिमीटरपासून १०६ सेंटिमीटरपर्यंत खोल निघाली. एकेका बिळात एकच मोठा जीव.

एकच. लेकीला हे सोसलं नाही. तिला दुसरी आणायची होती. सोबतीला. आपण गर्दीची माणसं. आपल्याकडे चुलत्यांची दारं चुलत्यांच्या दारांना लागून असतात, तालुक्यातल्या तांड्यांवर एका घरातलं गाणं दुसऱ्या घरात पुरं होतं, आणि आजारी माणसापाशी रात्री कुणी नसणं हे आपल्याला आजारापेक्षा मोठं दुःख वाटतं. एकटेपण म्हणजे काहीतरी चुकलेलं, असं आपण आईच्या दुधासोबत शिकतो. पण ओंबीच्या घरात दुसरी आली तर दोघींपैकी एक रक्तबंबाळ होईल. तिला सोबत म्हणजे धोका. एकटेपण हाच तिचा श्वास. लेकीला समजावताना माझ्या ध्यानात आलं की प्रेमातलं सगळ्यात अवघड काम हेच असावं. आपल्याला जे दुःख वाटतं ते दुसऱ्याचं सुख असू शकतं, यावर विश्वास ठेवणं, आणि मग आपलं दुःख त्याच्या दारात नेऊन न ठेवणं.

दुपारी आई देवासाठी वाती वळत बसते. मांडीवर पदर, पदरावर कापसाचा पुंजका, आणि तळहात गुडघ्यावर घासला जाताना येणारा तो जवळजवळ नसलेला आवाज. पेटी भरायला घेतली तेव्हा तिने त्या पुंजक्यातला अर्धा तोडून माझ्यासमोर धरला. "याच्यात निजव तिले."

पुसद-यवतमाळच्या माणसाने पुढे केलेला कापूस म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. वेचणीच्या दिवसांत इथे सकाळ पांढरी उगवते. गाड्यांच्या कडांवरून लोंबणारे पुंजके बाभळीच्या काट्यांत अडकून रस्ताभर फुलून राहतात, जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीवर पोरं लोळतात, बाळंतिणीच्या खोलीपासून मयताच्या नाकापर्यंत सगळीकडे हाच कापूस असतो. या मातीने आम्हाला जे दिलं त्यातलं सगळ्यात मऊ ते हे. आणि तेच ओंबीला द्यायचं नव्हतं. कापसाचे लांब तंतू या जिवांच्या इवल्या पायांना वेढतात, करकचतात. पिशव्यांत आणि पोटात गेले तर अडकून बसतात. मी आईला हे सांगितलं. तिचा हात तसाच पुढे राहिला.

"कापसाच्या गावात राहून तिले कापूस नाई द्याचा म्हंता?"

नाही द्यायचा. आणि संत्रंही नाही. शेजारून संत्र्यांची टोपली आली की लेक सोललेली फोड घेऊन पेटीकडे धावते, तिलाही थांबवावं लागतं. आंबट फळ ओंबीला मानवत नाही. विदर्भाने ज्या दोन गोष्टींवर आपलं नाव लिहिलं, कापूस आणि संत्रं, त्या दोन्ही या पाहुणीच्या ताटात आणि बिछान्यात बसत नाहीत. पण आमच्याकडे आणखीही होतं. कोठीच्या तळाशी, दुसऱ्या ओळीत, अभिमान न सांगता बसलेलं. ज्वारीचं सुकं कणीस. बाजरीचं कणीस. चिमूटभर जवस. आईने कापूस परत पदरात ठेवला, उठली, आणि आतून ज्वारीचं एक कणीस घेऊन आली. ओंबीने ते दोन्ही पायांत धरलं, दाण्यावर दात टेकवला, आणि दाण्याचा तो फुटण्याचा बारीक आवाज ऐकताना आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मला वाटलं, द्यायला निघालेला हात जेव्हा थांबून विचारतो, तेव्हाच त्याच्यातलं देणं खरं होतं.

मऊपणाला कापसाऐवजी कागद आला. कोरा, शाई नसलेला, हाताने फाडलेला. दोन संध्याकाळी सगळं घर कागद फाडत बसलं, आणि त्या फाडण्याचा आवाज पहिल्या पावसासारखा खोलीभर पसरत गेला. कागदाच्या थरावर उन्हात कडक तापवून घेतलेल्या गवताचा थर, पुन्हा कागद, पुन्हा गवत, प्रत्येक थर तळहाताने दाबत. असे थर एकमेकांना धरून ठेवतात, मग आतला बोगदा ढासळत नाही. हात हळूहळू वर येत गेला, मनगटाच्या वर, कोपराशी. मधे एका बाजूला संक्रांतीचं एक सुगड आडवं पुरलं. वाणात आलेलं, काळं, बोटांचे ठसे अजून कडेला असलेलं. मातीचं भांडं उन्हाळ्यात आतून गार राहतं. ज्या सुगडात हरभऱ्याचे घाटे, बोरं आणि तिळगूळ भरून बायका एकमेकींच्या ओटीत घालतात, त्याच्या तोंडातून ओंबी आता जमिनीत उतरणार होती.

एका कोपऱ्यात वाळू. पूस नदीची. चाळून, धुऊन, कढईत भाजून निवलेली. या जिवांना पाण्याची आंघोळ नको असते. ती वाळूत लोळतात, अंग घासतात, आणि केसांतलं तेल वाळूला देऊन स्वच्छ होतात. भाजताना कढईतून नदीचा वास उठला. शिंपल्याचा, शेवाळाचा, पुराच्या पाण्यासोबत वाहत आलेल्या कुठल्याशा शेताचा. अलेप्पोचं शेत या घरात येणार नव्हतं. पूस नदीचं थोडं अंग आलं.

चाक बदललं. २८ सेंटिमीटर व्यासाचं, आतून सलग, पाठ सरळ ठेवून धावता येईल असं. रात्री ती त्यावर कित्येक किलोमीटर धावते. मी अंधारात पडून तो एकसुरी घरघराट ऐकतो आणि मनात हिशोब मांडतो, आता ती गहुलीपाशी असेल, आता घाटाच्या पायथ्याशी, आता टेकडीपलीकडच्या दिव्यांशी. तिला कुठे पोहोचायचं नसतं. पाय जिवंत आहेत, एवढंच ते पाय सांगत असतात.

आणि या रात्रीविषयीच मला कळलेली सगळ्यात व्याकूळ करणारी गोष्ट अशी, की ही रात्र तिची नाही. हॅमस्टर निशाचर, असं सगळे सांगतात. पिंजऱ्यांतल्या, प्रयोगशाळांतल्या सगळ्यांनी ते दाखवूनही दिलेलं. पण २००८ साली संशोधकांनी दक्षिण तुर्कस्तानातल्या शेतांत मोकळ्या माद्यांवर पाळत ठेवून जे पाहिलं ते प्रसिद्ध केलं, आणि त्या माद्या बाहेर येत होत्या दिवसा. उजेडात. गव्हावर ऊन असताना त्या बिळातून वर येत, दाणा गोळा करत आणि परत जात. तेच रक्त, तोच रंग, आणि माणसाच्या घरात आल्यावर मात्र दिवस मिटून घेतलेला. का, हे मी सांगू शकत नाही. पण ते वाचल्यापासून पहाटे पेटीपाशी बसलो की वाटतं, तिच्यापासून आपण शेत घेतलं एवढंच नव्हे, सकाळसुद्धा आपल्याकडे राहिली आहे.

ही जाणीव घेऊन जगायचं कसं? मला एकच रीत दिसते. जे घेतलं त्याची आठवण घराच्या प्रत्येक मापात ठेवायची. पेटी साफ करताना सगळे थर एकदम उपसायचे नाहीत. ओला झालेला कोपरा काढायचा, बाकी जुनं तसंच राहू द्यायचं, नव्यात कालवायचं. ओंबीला दूरचं धड दिसत नाही. तिचं गाव वासाचं आहे. कुठे निजले, कुठे साठवलं, कुठून आले, हे सगळं तिने वासाने लिहून ठेवलेलं असतं, आणि आपल्या स्वच्छतेच्या उत्साहात आपण ते एका सकाळी पुसून टाकू शकतो. तिचा साठाही सगळा उचलायचा नाही. सडलेलं तेवढं काढायचं, दाणे जागच्या जागी. आई हे काम स्वतः करते. ज्याचं पेव त्यानेच उघडावं, दुसऱ्याने उघडायची वेळ आली तर मूठभर तरी खाली ठेवावं, असं ती म्हणते.

१९६०चा एक कायदा आहे, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्या ११व्या कलमात, इतर पुष्कळ निषिद्ध गोष्टींच्या ओळीत, हेही येतं की प्राण्याला हालचालीची वाजवी संधी मिळणार नाही एवढ्या अपुऱ्या उंचीच्या, लांबीच्या, रुंदीच्या पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा आहे. उंची, लांबी, रुंदी. कायद्याच्या कोरड्या भाषेत कुणीतरी एका कोंडलेल्या अंगाचा विचार करून हे तीन शब्द लिहिले, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांच्या शेजारी चौथा शब्द मनातल्या मनात मी लिहून ठेवला आहे, खोली.

नव्या पेटीत सोडली त्या संध्याकाळी ओंबी कडेकडेने फिरली, सुगडाशी थांबली, आत गेली, आणि मग काचेच्या आतून आम्हाला कागदाचे थर हलताना दिसले. पुढचे पाय खणत होते, मागचे पाय ढकलत होते, आणि पाठीचा तो गव्हाळ रंग थोडा थोडा करून खाली जात होता. त्या रात्री तार कुरतडल्याचा आवाज आला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. लेक मात्र उदास झाली. जिच्यासाठी एवढं केलं ती आता दिवसेंदिवस नजरेला पडेना. "तिला आपण आवडत नाही का?" तिने विचारलं. मी तिला म्हणालो, तिला आपण दिसलोच नाही तरी चालतं एवढी ती आता निर्धास्त आहे. ज्याला आपल्यापासून लपता येतं, त्यालाच आपल्याकडे यायचं की नाही हे ठरवता येतं. काही दिवसांनी एका रात्री लेकीने काचेशी हात उघडा धरून ठेवला होता, आणि ओंबी आपणहून वर आली, तळहात हुंगला, बोटावर एक पाय ठेवला. बोलावलं नव्हतं. ती आली होती.

आता पाऊस लागला आहे. पूस भरून वाहते आहे, टेकड्या पुन्हा हिरव्या झाल्या, पऱ्हाटी गुडघ्याला आली. दूर अलेप्पोच्या त्या पठारावर रानटी सोनेरी हॅमस्टरांची संख्या इतकी घटली आहे की जगाच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत त्यांचं नाव आहे. लाखो पिंजऱ्यांत आहेत, शेतात थोडी उरली आहेत. एका घरातून त्या शेताचं काही भलं करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या शेताचं जे ओंबीच्या पंजांत अजून शिल्लक आहे, त्याला जागा देता येते. बर्नच्या संशोधकांचा तो ८० सेंटिमीटरचा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. आमची पेटी त्याच्या निम्म्यावर आहे, आणि एवढ्या जिवाचं सगळं आयुष्य असतं दोन-तीन वर्षांचं. त्यातला एक उन्हाळा गेला. सुतारकाकांना सांगून आलो आहे, पोळ्याच्या आत पेटीला आणखी हातभर उंची चढवायची.